नोटेचा हंस आणि माझा घोडा

४ मार्च
साडूसाहेब येऊन गेले. चहा निवेपर्यंत खिशातल्या कोऱ्या नोटेचा हंस केला. कात्री नाही, डिंक नाही. आमची ठमी टाळ्या पिटत नाचली. हंस आता तिच्या टेबलावर, माझ्या फोटोच्या पुढ्यात. फोटोत माझं फक्त कपाळ दिसतं. पुढच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या असल्या घडीकामाचं प्रदर्शन आहे म्हणे. ठमीचा हंसही मांडणार. हिने विचारलं, तोंड का वाकडं? म्हटलं, दाढ दुखतेय. हेवा करायला माझं खेटर अडलंय.

५ मार्च
संकल्प. ठमीसाठी घोडा करणार, तोही प्रदर्शनाआधी. हंस काय, कुणीही करतं. मी बँकेत कॅशियर, साडू विमा विकतो. नोटेवर हक्क कुणाचा?

६ मार्च, संध्याकाळी
व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. एक घडी घातली, पुढची बघेपर्यंत नोट सपाट. पंख्याचा वारा.

७ मार्च
पंखा बंद. घामाघूम. तरी सपाट. ही म्हणाली, अहो, तुम्हीच अंगठ्याने घड्या मोडताय, काउंटरवर मोडता तशा. मी मान्य केलं नाही. नोट जुनी होती.

९ मार्च
नवी नोट. घोड्याचे मागचे पाय जमले. ठमीने विचारलं, बाबा, बेडूक ना? हल्ली शाळेत काही शिकवत नाहीत.
साडूचा फोन. मदत करू का, विचारत होता. आगाऊ!

११ मार्च
घोडा रद्द. साप करतो. साप मुळातच सपाट असतो. ठमी म्हणाली, ही तर नोटच आहे. लहान आहे अजून.

१२ मार्च, रविवार
प्रदर्शनाला निघालो. दारात ठमीने हंस माझ्या हातात दिला आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. ती वर बघेपर्यंत माझ्या हातात नोट. घड्या मोडलेल्या, कोपरे सरळ, चित्राची बाजू वर. मुद्दाम नाही केलं. शप्पथ. ठमीला सांगितलं, बोटांनी केलं. ती म्हणाली, बरं.
हॉलमध्ये साडूने त्याच नोटेचा पुन्हा हंस केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
ठमीने हंस मला दाखवला. लांबूनच, दोन्ही हातांत छातीशी धरून. छान झाला होता.