गोड्या विहिरीची कार्डं

३ एप्रिल, गोडबोरी

पोहोचलो. वरवट बकालहून रिक्षावाल्याने मला आणि फ्लॉवरच्या रोपांचे चार ट्रे एकाच भावनेने आणले. उतरवताना आधी रोपं उतरवली. स्वागत मात्र जोरात झालं. भगवंतराव वेशीवर हार घेऊन उभे. निवृत्त मुख्याध्यापक, वीस एकर भाजीपाला, आणि गावाच्या नियोजित इतिहासग्रंथाचे अध्यक्ष, कार्यवाह व बहुधा एकमेव वाचक. म्हणाले, या सर, अख्खं गाव तुमची वाट पाहून राह्यलं. माझी वाट पाहणारं हे पहिलंच गाव. पुण्यात माझे वाचकसुद्धा एवढी घाई करत नाहीत.

काम सोपं आहे. गावाकडे जुनी चित्रांची पोस्टकार्डं आहेत, त्यांवरून गावाचा इतिहास लिहायचा. दोन आठवडे पुरे. अठराला मला पुण्यात असायलाच हवं. वीस तारखेला माझ्या लेकीचं, मनालीचं बाळंतपण. तिला आई नाही, म्हणजे आहे तो मीच. तिच्या लग्नात मी अक्षता पडून गेल्यावर पोहोचलो होतो. या वेळी शब्द दिला आहे.

कौशल्याबाईंनी, म्हणजे भगवंतरावांच्या मंडळींनी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. हात चाटत राहिलो. चहा तेवढा खारट. हा सगळा खारपाणपट्टाच. आजूबाजूच्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. एकट्या गोडबोरीची विहीर गोड. म्हणून तर इथे कोबी पिकतो. यंदा ती जराशी रुसली आहे, असं भगवंतराव म्हणाले. सासुरवाशिणीबद्दल बोलावं तसं.

५ एप्रिल

कार्डं पाच आहेत. शाळेच्या लोखंडी कपाटात, मखमलीत गुंडाळलेली. पहिलं १९११ चं, शेवटचं रंगीत, १९९४ चं. सगळी गुलाबरावांच्या घराण्याने काढलेली. आजोबा, बाप, मग स्वतः गुलाबराव. त्यांचा फोटो स्टुडिओ पानटपरीच्या पाठीमागे आहे आणि गिऱ्हाईक पानटपरीलाच जास्त.

चित्र पाचही कार्डांवर एकच. विहिरीचा काठ, खुर्ची, खुर्चीत हार घातलेला परगावचा पाहुणा, दोन्ही बाजूंना गावकरी. जमीन मोजणारा कारकून. नाटक कंपनीतून मागे राहिलेला पेटीवाला. देवीची लस टोचणारा. दुष्काळी कामावरचा मुकादम. विमा एजंट. विमा एजंटाचाही सत्कार करणारं गाव पृथ्वीतलावर आहे, हे नोंदवून ठेवतो.

मी काढलेले कार्डांचे फोटो उतरवून घ्यायला गुलाबराव माझा फोन घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत आणतो म्हणाले.

८ एप्रिल

फोन आला नाही. केबल आणायला कोणीतरी खामगावला गेलं आहे म्हणे. केबल आहे की वरात?

आज कार्डांच्या पाठी वाचल्या. हस्ताक्षरं पाच, मजकूर एकच: 'मी येथे खुशाल आहे. पाहुणचार उत्तम. परत येण्याची घाई नाही. वाट पाहू नये.' तिकीट नाही, शिक्का नाही. मी म्हटलं, काटकसरी गाव, पोस्टालाही फसवलं. भगवंतराव समजुतीने हसले. म्हणाले, दोन लिहून घेतो आम्ही. एक पोस्टात जाते, एक कपाटात.

कौशल्याबाई रोज जेवताना विचारतात, लेक फोन करते का, भांडते का, फोनवर रडते का. मी म्हटलं, माझी मनाली कांदा चिरतानाही रडत नाही. त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

१० एप्रिल

भगवंतरावांनी इतिहासासाठी एक वही दिली. विहीर कोणत्या वर्षी खारी झाली, कोणत्या वर्षी गोड झाली. कार्डांशेजारी ठेवून पाहिली. कार्डाचं साल तेच पाणी गोड झाल्याचं साल. चार वेळा. फक्त १९५२ च्या, लस टोचणाऱ्याच्या कार्डानंतर वीस वर्षं एकच शब्द: खारी, खारी, खारी.

त्याच्या कार्डावर चार वाक्यांखाली बारीक अक्षरात पाचवं आहे. 'आई, तुझ्या हातची भाकरी आठवते.'

मी सहज विचारलं. कौशल्याबाई मेथी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, त्याची माय आली होती हो. आठ दिवस विहिरीच्या काठावर बसून रडली. मागं कोणी रडलं का पाणी खारंच राह्यते. आपल्यातला माणूस विहिरीले काऊन देत नाही मग? आपल्यासाठी घरचे रडतेत ना. म्हणून पाहुणा लागते. म्हणून तं कार्ड धाडतो आपण.

मग विचारलं, दुपारी मेथीच करू ना?

११ एप्रिल

कपाटात एक फाईल आहे. माझे लेख, अकरा वर्षांचे, कापून चिकटवलेले. एका वाक्याखाली लाल रेघ. 'मी गेल्यावर रडायला कोणी नाही. एक लेक आहे, ती सुटकेचा निःश्वास टाकेल.'

वाचकांना फार आवडलं होतं ते.

१२ एप्रिल

सकाळी बॅग घेऊन निघालो. एक मोटारसायकलवाला थांबला. बसा सर, वरवटले सोडतो. शेतांमधून एक फेरी मारून भगवंतरावांच्या दारात सोडलं. दुपारी दुसरा. तोही तिथेच. तिसऱ्याला हात केला नाही, पायी निघालो. तो माझ्या चालीने गाडी चालवत आला, उन्हात टोपी दिली, पाणी पाजलं आणि परत आणलं. कोणी अंगाला हात लावला नाही. कोणी आवाज चढवला नाही. कौशल्याबाईंनी पाय धुवायला पाणी ठेवलं होतं.

१३ एप्रिल

कालच्या पानावर समासात लाल शाईने बरोबरची खूण. खाली 'छान!'

रोज वाचतात. हेही वाचतील — वाचा.

१४ एप्रिल

फोन दिसला. भगवंतरावांच्या हातात. त्यांनीच मनालीला लावला, आवाज मोठा ठेवला. गुलाबरावांनी माझं तोंड दाबून धरलं होतं, अगदी मायेने, दाढी करताना धरतात तसं. भगवंतराव म्हणाले, सरांचं काम लांबलं आहे, त्यांना बोलायला अवघड वाटून राह्यलं.

ती म्हणाली, कळलं. सासूबाई आल्यात माझ्या. बाबांना म्हणावं, सवडीने या.

आवाज कोरडा. ठणठणीत कोरडा.

भगवंतरावांनी गुलाबरावांकडे पाहून मान हलवली.

१५ एप्रिल

रडेल ती. नंतर. बाळ मांडीवर असताना कधीतरी — नाही का?

लस टोचणाऱ्याने एका वाक्यात केलं. मी तर तीस वर्षं लिहितो आहे. एक वाक्य. मनालीला रडवायचं. मग प्या म्हणावं वीस वर्षं मीठ.

१६ एप्रिल, दुपार

खुर्ची मांडली आहे. हार आहे. दोन्ही बाजूंना गाव उभं. गुलाबराव म्हणतात, हलू नका सर, फोटो हालते.

मी पाचव्या वाक्याची परवानगी मागितली. भगवंतराव म्हणाले, लिहा की, तुमाले कोण अडवते? आम्ही तुमचे जुने वाचक. कोऱ्या कार्डांचा गठ्ठाच दिला. वहीही राहू दिली, कच्चं लिहायला.

पहिलं. 'मनाली, या गावाने मला फार खोलवर सामावून घेतलं आहे.' भगवंतरावांनी मोठ्याने वाचलं. गाव हसलं.

दुसरं. 'याही वेळी उशीर होईल, पण या वेळी कारण नवीन आहे.' हसले. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

विनोद नको. साधं लिही. साधं — लोक कसं लिहितात?

तिसरं. 'मला यायचं होतं.' कोणी हसलं नाही. भगवंतराव म्हणाले, हे तं त्यांनी लय वेळा ऐकलं असंन, सर.

चौथं फाडलं. पाचवं —

कौशल्याबाई म्हणतात, ऊन कलाच्या आत आटपा, बायांले पाणी भराचं आहे.

शेवटचं कार्ड.

मनाली, तू लहान असताना मी

नाही. तेव्हा मी नव्हतोच —

मनाली, माझ्या लेखांत तुझ्याबद्दल जे — ते सगळं —

खांद्यावर हात. थांबा हो. एकच वाक्य. सापडतंय. मनाली, तुझं बाळ जेव्हा