डाळीच्या चुरीमागचे पाच काऊन

पिंपळगाव राजा

तीर्थस्वरूप पुंजाजीमामांस,

प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसूनच द्या, नव्या गुडघ्याला वाकायची मनाई आहे.) मामी रोज चालवतात ना? इकडे सर्व ठीक आहे आणि त्याचं श्रेय तुमचं. इंजिनिअर होऊन मी घरी बसले होते, 'मशीनजवळ पोरीचं काय काम' असं गाव म्हणत होतं, तेव्हा तुम्ही डाळ मिलच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. मला हे तोंडावर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुम्ही बजावलं होतं: तुरीची डाळ फुटून एवढी चुरी का होते ते शोध, नाहीतर ऑपरेशनहून आल्यावर मशीनवरच्या सईदभाईंना घरी पाठवतो. कॉलेजात शिकवलेली पद्धत सोपी आहे. बिघाड दिसला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण हाती येतं. (इथे 'का' कोणी मनावर घेत नाही, म्हणून मी 'काऊन' विचारलं.) चुरी काऊन? रोलरमधली फट कमी होते. फट काऊन कमी होते? ती लहानमोठी करायचं चाक फिरतं. चाक काऊन फिरतं? इथे पद्धत अडकली. सईदभाई म्हणाले, "मी नाही फिरवत, बेटा. चुरी दिसली का मीच तर त्याले जागेवर आणतो." डाळ निवडणाऱ्या तानुबाई म्हणाल्या, "एवढं शिकली अन् काऊनच शिकली काय वं?" मग मी भिंतीवर माशाच्या काट्यासारखा कारणांचा तक्ता काढला. तानुबाई माळकरी, त्यांनी त्यावर पोतं टांगलं.

शेवटी चाक आणि चौकट मिळून खडूची एक जाड रेघ ओढली. चाक हललं तर रेघ तुटणार. तुम्ही दवाखान्यात निघालात त्या सकाळी नेहमीसारखी मशीनची पूजा केलीत, गुडघे टेकून डोकं ठेवलंत, कशालातरी धरून उठलात आणि सगळ्यांना प्रसाद वाटलात. माझ्या खोबऱ्याच्या तुकड्यावर खडू होता.

मी तो खाल्ला. (प्रसाद टाकायचा नसतो. पुरावा खायचा नसतो, हे नंतर सुचलं.) चाकावरची रेघ चौकटीवरच्या रेघेपासून बोटभर सरकली होती. तुम्ही गेल्यापासून चुरी जवळजवळ नाही.

एवढ्या विश्वासाने मला शोधायला लावलंत, याबद्दल मनापासून आभार.

तुमची भाची,
प्रतीक्षा

ता. क. सईदभाईंना तुम्ही स्वतः फोन करून 'राहा' म्हणावं, एवढीच विनंती. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. मशीनसमोर, चाकापासून दोन हात दूर, एक लोखंडी दांडा बसवला आहे. वेल्डिंग सईदभाईंनीच केलं. "हे काऊन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामांना पूजेनंतर उठायला. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं आणि दांड्याला लाल रंग द्यायला घेतला. पुढचे चार काऊन त्यांनी विचारलेच नाहीत.