पहिल्या बाकावरची जागा

सफरचंदांची वाडी, हिअरफर्डजवळ
२४ ऑगस्ट १९७४

ति. आजोबांस,

हेझेलचा शि. सा. न. वि. वि. तीन वर्षं पत्र नाही, म्हणून आज एकही अक्षर गाळलेलं नाही. नमस्कार वाकून केलाय असं समजा. दिवसभर सफरचंदं वेचून पाठ तशीही सरळ होत नाही.

विनीआत्याचं कार्ड चार पत्ते फिरून परवा मिळालं. २९ सप्टेंबरला पार्क कायमचं बंद होणार, एवढंच तिने लिहिलंय, आणि खाली ‘पाय गार पडत असतील तर मोजे पाठवते’. मी ते कार्ड शिडीवर बसून वाचलं आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

इथे एक कुत्रं माझ्या मागे लागलंय. त्याचा एक कान तुटकाय म्हणून मी त्याला ड्यूक म्हणते, आपल्या पार्कातल्या फिरत्या चक्रावरच्या लाकडी घोड्यावरून. त्रेपन्नच्या पुराची गोष्ट मी इथे सगळ्यांना ऐकवते. समुद्र पार्कात शिरला, चक्रावरचे लाकडी घोडे सुटून बाजारपेठेतून पोहत निघाले, आणि पाणी ओसरल्यावर ड्यूक एक कान गमावून चॅपलच्या दारात उभा, जणू प्रार्थनेला उशीर झालाय. कुणाचा विश्वास बसत नाही. मी तेव्हा दोन वर्षांची होते, तरी मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवतं. तुम्ही किती वेळा सांगितलं असेल!

काय सांगत होते? हां, पार्क. बाहेरचे लोक रोलर कोस्टर म्हणतात तेव्हा मला अजून कळत नाही की ते आपल्या डोंगरगाडीबद्दल बोलताहेत. इकडच्या जत्रांतल्या गाड्या लोखंडी असतात, त्यांच्यावर ब्रेकवाला उभाच नसतो. बटण दाबलं की झालं. मी एकीत बसले. कुणी मागे उभं नाही, या विचाराने मला इतकं एकटं वाटलं की उतरून थेट चालू लागले.

तीन वर्षांपूर्वी ब्रेक माझ्या हाती होता त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. पुढच्या बाकावरची मुलगी रडत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि भर उतारावर ब्रेक ओढला. गाडी खळग्यात अडकली आणि चोवीस माणसांना फळ्यांवरून चालत खाली आणावं लागलं. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातून ब्रेक घेतलात आणि म्हणालात, बसलेल्यांकडे बघणाऱ्याने ब्रेक धरू नये. बरोबरच होतं ते. पण सगळ्यांदेखत होतं.

राग शिल्लक असेल तर ठेवा, फक्त त्याच्या शेजारी लोभालाही बूड टेकायला जागा असू द्यावी.

आपली,
हेझेल


सॅल्टरबी
२ सप्टेंबर १९७४

चि. हेझेल हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचंच आहे.

इथलं ठीक. जमीन घेणाऱ्यांना तिथे सहलवाल्यांच्या कॅराव्हॅन लावायच्या आहेत. डोंगरगाडीचं लाकूड सरपणाला जाईल. तेवीस साली जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी ती उभी केली, पुरात हलली नाही, लढाईत सैनिकांनी तिच्यावर कपडे वाळत घातले तरी हलली नाही. चक्राचे अकरा घोडे लंडनच्या एका दुकानदाराने घेतलेत. ४ ऑक्टोबरला ट्रक येईल. मी त्यांना रंग दिला. ड्यूकचा कान आहे तसा ठेवला.

चाचणीची वाळूची पोती नगरपालिकेने बंधाऱ्यासाठी नेली. म्हणून सकाळची रिकामी फेरी आता होत नाही. वजनाशिवाय गाडी शेवटचा चढ चढत नाही, आणि पूर्वेचा वारा असला तर मुळीच नाही, हे तुला सांगायला नको. सध्या पहिली वीस गिऱ्हाइकं हीच आमची पोती.

गुडघे कुरकुरतात. शेवटची फेरी मी मारीन. चाळीस वर्षं मारल्या, आणखी एक.

यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी गाडी सुटेलच.

आशीर्वाद न मागताही आहेत.

आजोबा


सॅल्टरबी
७ सप्टेंबर १९७४

चि. हेझेलला आत्याचे अ. आ.

मी लिहितेय हे बाबांना ठाऊक नाही. दुकानात पेपरमिंटच्या कांड्यांच्या बरण्यांमागे बसून लिहितेय, म्हणून कागद चिकट झालाय. गिऱ्हाईक नाहीच. कालपासून तीन कांड्या गेल्या, त्यातली एक मीच खाल्ली.

तुला त्यांनी काय लिहिलं असेल ते मला कळतं. गाडी सुटेलच, वगैरे. पण परवा चहा पिताना त्यांनी मीठ मागावं तितक्या साध्या आवाजात मला सांगितलं की एकदा बसून जायचं राहिलं. मला आधी कळेचना. मग हळूहळू उकललं. चाळीस वर्षं हा माणूस त्या गाडीवर आहे, पण उभा, दोन डब्यांच्या मधे, नजर रुळांवर. वर पोचल्यावर समोर सगळा समुद्र उघडतो, ज्याने तिकीट काढलं त्या प्रत्येकाने तो पाहिलाय. यांनी नाही. नजर हलली की चूक, हा त्यांचाच नियम.

आई होती तेव्हा ती रोजच्या पहिल्या फेरीला पुढच्या बाकावर बसायची. तुला तिचा हिरवा रुमाल आठवत असेल. खाली उतरली की त्यांना सांगायची आज काय दिसलं ते. कधी नॉर्वेचं लाकडाचं जहाज, कधी कोळशाच्या तीन बोटी एका माळेत. ते मान डोलवायचे आणि तेच दिवसभर गिऱ्हाइकांना स्वतः पाहिल्यासारखं सांगायचे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. आता त्यांना कुणी काही सांगत नाही. मला उंचीची भीती, मी तर खालच्या मोटरच्या खोलीपलीकडे कधी गेले नाही.

त्यांना बसायचं तर ब्रेक कुणीतरी धरायला हवा, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. ते तुला विचारणार नाहीत. मी विचारते. येशील?

मोजे वेगळे पाठवलेत. जीव लावलास तसा लावून असावं, एवढंच.

तुझी आत्या,
विनी


श्रूझबरीच्या वाटेवर
१६ सप्टेंबर १९७४

ति. आजोबांस,

हेझेलचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र ट्रकात बसून लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीचं नव्हे, घाबरलेल्या कोंबडीचं. ट्रकवाला बदकं पाळतो आणि प्रत्येकाला वेगळं नाव आहे. ती सगळी नावं मला पाठ झाली, पण ते राहू दे.

मी शनिवारी, २८ तारखेला, चारच्या गाडीने येते. रविवारच्या शेवटच्या फेरीला ब्रेक मी धरीन. पहिल्या बाकावरची जागा धरून ठेवा, तुमच्यासाठी. कारण विचारू नका, आत्याने काहीही सांगितलेलं नाही.

ड्यूक कुत्रा वाडीवरच राहिला. दिंडीदरवाजापर्यंत आला आणि थांबला. त्याला घर सोडता येत नाही. कुणाकुणाला येतं.

थोडक्यात आटपते, भेटीत सगळं बोलू. लोभ शनिवारी स्टेशनवर घेऊन यावा.

आपली,
हेझेल


सॅल्टरबी
३० सप्टेंबर १९७४

चि. हेझेलला अ. आ.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू तेही समजत नाही. वाडीवरच टाकते, तिथून येईल तुझ्या मागे.

शनिवारी बाबा चारच्या गाडीला गेले, सहाच्याही गेले. चांगला कोट घातला होता. रविवारी सकाळी त्यांनी पहिल्या बाकावर आपली टोपी ठेवली. दिवसभर माणसं येत होती, कितीतरी वर्षांत एवढी रांग नव्हती, आणि प्रत्येक जण पुढच्या बाकाकडे धावायचा. बाबा प्रत्येकाला सांगायचे की ती जागा घेतलेली आहे. कुणी विचारलं कुणी घेतलीय, तर म्हणायचे, येतोय तो.

शेवटच्या फेरीआधी त्यांनी वीस मिनिटं गाडी थांबवून धरली. लोक टाळ्या वाजवून घाई करत होते. मग त्यांनी टोपी उचलली नाही, ब्रेक उचलला. गाडी भरून गेली आणि भरून आली, पुढचा बाक तसाच.

घरी आल्यावर तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. तेच मला सोसवत नाही.

तू बरी आहेस ना, एवढं कळव. रागवायचं नंतर बघू.

तुझी आत्या,
विनी


पीटरहेड
२० ऑक्टोबर १९७४

ति. विनीआत्यास,

हेझेलचा सा. न. वि. वि. मी इथे मासे निवडण्याच्या शेडमध्ये आहे. मोजे दोन जोड घालते, एकावर एक. तुझं तीस तारखेचं पत्र मला काल इथे मिळालं. म्हणजे तू मला घरी जेवू घातलंस, निरोप दिलास, आणि त्यानंतर तू मला शोधत असल्याचं मी वाचलं. वाचून मी शेडच्या मागे जाऊन बसले.

मंगळवारी मी आले तेव्हा सांगितलं की गाडी चुकली. चुकली नव्हती. शनिवारी मी वीस मैलांवरच्या जंक्शनला वेळेत पोचले होते. चारच्या गाडीत चढले नाही. सहाच्याही नाही. दोन दिवस त्याच गावात राहिले, एका म्हातारीचे पडदे धुऊन दिले. आजोबा पुढे बसणार आणि मी मागे उभी, म्हणजे मी त्यांच्याकडे बघणार. मी बघतेच. मग ब्रेक ओढणार. त्यांची शेवटची फेरी खळग्यात अडकणार. ही भीती होती. टोपीचं काल कळलं.

बुधवारी बंद पार्कात आपण आजोबांसाठी आणखी एक फेरी काढली तेव्हा तू खाली मोटरपाशी होतीस, तुला साखळी सोडून काही दिसलं नाही, म्हणून वरचं सांगते. वजनासाठी घोडे बाकांवर चढवायची युक्ती माझी, हे मात्र लक्षात ठेव. पोती नाहीत, गिऱ्हाइकं नाहीत, पूर्वेचा वारा, आणि अकरा घोडे ताडपत्रीखाली नुसते पडलेले. आजोबा म्हणाले होते की हा वेडेपणा आहे, आणि लगेच दोर आणायला गेले होते. ड्यूकला त्यांनी आपल्या मागच्याच बाकावर बांधलं.

तू मोटर सुरू केलीस, साखळी लागली. कट कट कट करत आम्ही वर निघालो. मी मधे उभी. पुढे पाच-सहा लाकडी मानांच्या पलीकडे आजोबांचं पांढरं डोकं. पहिल्या माथ्यावर पोचलो आणि आत्या, ते डोकं खाली होतं. ते रुळांकडे बघत होते. उजवा हात बाकाबाहेर काढून हवेत ब्रेक चाचपत होते. दुसऱ्या माथ्यावरही तेच. घोडे एकमेकांवर डोकी आपटत होते आणि आजोबा चाळीस वर्षांची नोकरी करत होते.

उरला एकच माथा, समुद्रासमोरचा. तिथे मी नियम मोडून त्यांच्याकडेच बघत ओरडले, “आजोबा, रूळ माझे आहेत. तुम्ही समुद्र बघा.”

हात आत गेला. डोकं वर आलं. ब्रेक मी ओढला नाही, निदान नको तेव्हा नाही. शेवटचा चढ घोड्यांनी चढवला.

खाली आल्यावर त्यांनी टोपी घातली आणि तुझ्यासमोरच म्हणाले की ब्रेक केसभर उशिरा लागला. बस, तेवढंच. काय दिसलं ते मी तीनदा विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. तू विचारून बघ. मला इथे संध्याकाळी तेच डोक्यात फिरतं. बोलायला कुणी नाही, सगळ्यांची भाषा हीच असून कळत नाही.

मोज्यांसकट लोभ असाच चढता असावा.

तुझी,
हेझेल


सॅल्टरबी
१७ नोव्हेंबर १९७४

चि. हेझेल हिस अ. उ. आ.

विनी तीन आठवडे मला टोचतेय. एकदाच लिहितो, परत विचारू नये.

गाडी उतरवली. नऊ दिवस लागले. ब्रेकची लाकडी मूठ मी काढून ठेवलीय. ती तुझी आहे. टपालाने पाठवणार नाही. येऊन घे.

आता समुद्राचं. करडा होता. रिकामा. एक जहाज नाही, होडी नाही, कुठे धुराची रेघ नाही. पाणी आणि वर तसंच आभाळ. तुझी आजी हंगामभर रोज सकाळी तिथे जायची आणि रोज एखादं जहाज घेऊन खाली यायची. कोणत्या देशाचं, काय भरलंय, किती कललंय. एका दिवसावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. म्हणून मी आता रोज दुपारी बंधाऱ्यावर जाऊन बसतो, आपल्याच पोत्यांवर. सोळा दिवसांत दोन जहाजं दिसली.

घरी आलो की विनी चहा ठेवते. ती आता एकटीच असते, दुकानही गेलं. आज काय दिसलं म्हणून विचारते. मी सांगतो, नॉर्वेचं, लाकडाचं, उजवीकडे थोडं कललेलं.

तिला हे कळवू नकोस.

ब्रेक त्या दिवशी वेळेवर होता. आशीर्वाद आहेत, मूठ आहे, पुढचा बाक नाही पण जागा आहे.

आजोबा