मी थांबले म्हणून

९ जानेवारी २०१२, सोमवार

बिबवेवाडीच्या चौकात आज पुन्हा मागून हॉर्न. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी पाय टाकला की गाडी थांबवायची — नियम आहे, मी पाळते. मागच्याने काच खाली केली. "काकू, चौकातच हळदीकुंकू ठेवलंय का?"

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पुण्यात नियम पाळायचा तर आधी विमा उतरवावा." मीही हसले.

१२ जानेवारी, गुरुवार



सकाळी नेहमीच्या वेळेला बँकेत कामावर निघाले होते. चौकात एक वयस्कर गृहस्थ कडेला उभे. मी थांबले, "या" म्हणून हात केला. ते उतरले, माझ्या गाडीसमोर आले आणि सलाम केला. माझ्याकडे बघत, रस्त्याकडे नाही. तेवढ्यात माझ्या उजव्या अंगाने मोटरसायकल आली आणि त्यांना उडवलं. मी थांबलेली त्या पोराला दिसत होते. का थांबले, हे बघायची त्याला गरज वाटली नाही.

लोक जमले, बोलले मलाच. "बाई मध्येच कशाला थांबल्या?"

इथला माणूस रस्ता ओलांडतो तो हात आडवा धरून, कुणावरही विश्वास न ठेवता. आणि पोचतो! ह्या गृहस्थांनी हात सलामाला उचलला, कारण मी थांबले होते. मी नसते थांबले तर ते कडेलाच उभे राहिले असते. जिवंत, धड.

१३ जानेवारी, शुक्रवार

हॉस्पिटलात जाऊन आले. मकबूलभाई नाव त्यांचं. चौकापलीकडे बॅगांच्या चेन दुरुस्त करायचं दुकान आहे. शुद्ध नाही. त्यांच्या पत्नी, कमरजहांभाभी, बाहेर बाकावर बसल्या होत्या. जवळ गेले, पण मी कोण ते सांगवेना. डबा ठेवून पळून आले.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. तिळगूळ कुणाला दिला नाही.

हे म्हणाले, "सरोजिनी, कायद्याने तू बरोबर आहेस. चूक त्या मोटरसायकलवाल्याची." कळतं मला. पोलिसांनीही तेच सांगितलं. पण बरोबर असून करायचंय काय?

१७ जानेवारी, मंगळवार

मकबूलभाई गेले.

२३ जानेवारी, सोमवार

आज थांबले नाही. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई झेब्र्यावर उतरत होती. मला बघून मागे सरली. मी तशीच पुढे. मागून हॉर्न नाही, टोमणा नाही. सगळं पुणं माझ्यावर खूश असेल आज!

घरी येऊन किल्ली ह्यांच्यापुढे टाकली. थांबले तर माणूस मरतो, न थांबले तर मीच माणसातून उठते. आता गाडी नको. ह्यांनी किल्ली उचलली नाही, मीही नाही. अजून टेबलावर पडली आहे.

२९ जानेवारी, रविवार

शेवटी गेले त्यांच्या घरी. कमरजहांभाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर काही महिने बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून हे खालीच थांबले, मी एकटी वर गेले. बसायच्या आधीच सांगून टाकलं — ती गाडीवाली मीच, मी हात केला म्हणून ते उतरले.

"पांढऱ्या गाडीच्या बाई ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "रोज तुमच्याच वेळेला निघायचे, ताई. गुडघे गेले होते, पळता यायचं नाही. ती एकच गाडी थांबते म्हणायचे."

रोज. आणि मला त्यांचा चेहरासुद्धा ओळखीचा वाटला नव्हता.

मला रडू आवरेना. त्यांनीच पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "इद्दत संपली की दुकान मलाच उघडायचंय. तुम्ही थांबाल ना?"