मुखपृष्ठावरची भिंगरी

ता. ९, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. सर्दी उतरली का? भाऊजींची नवी नोकरी कशी चालली आहे? आम्ही दोघी मजेत. सुट्टीला आलेली तुझी लेक भिंगरी दिवसभर माझ्यासोबत ऑफिसात असते आणि सगळ्यांचं डोकं खाते. माझ्या नव्या चपलाही तिने ढापल्यात.

पत्र तुमच्याकडे निघालेल्या माझ्या शेजारीणबाईंच्या हाती देते आहे, कारण भिंगरीच्या गालावरच्या डागाचा विषय निघाला की तू फोन भाऊजींकडे देतेस.

आमच्या किशोरींच्या मासिकात दर वर्षी एक वाचक मुलगी मुखपृष्ठावर येते. यंदा फोटोवाल्याने भिंगरीला हेरलं. माझा वशिला नाही हो! पण छपाईआधी प्रत्येक चेहरा माझ्या संगणकावरून जातो. मुरूम, तीळ, पुढे आलेला दात, सगळं मी साफ करते. ऑफिसात मला इस्त्रीवालीच म्हणतात. गेल्या वर्षी एका आईने फोन केला, "माझ्या मुलीचा अंक कधी येणार?" अंक तिच्या हातातच होता. आम्ही पोट धरून हसलो होतो.

भिंगरीचा फोटो संगणकावर उघडला तेव्हा ती शेजारीच बसली होती. तू सांगितलं होतंस तसा गालावरचा डाग आधी काढला. मग सवयीने नाकही थोडं निमुळतं केलं.

"मावशी, ही कोण गं?"

"तूच की!"

"छे! ही तर मला वर्गात शेजारी बसूसुद्धा देणार नाही."

मला हसू आलं, पण ती उठून थेट संपादकबाईंच्या खोलीत. मी मागोमाग धावले. पंधरा वर्षांची पोर, पण आवाज जरासुद्धा कापला नाही. म्हणाली, "तुमचं मासिक आम्ही बाकाखालून वाचतो. गोष्टी तर पुन्हा पुन्हा. पण फोटो बघून झाले की माझी मैत्रीण हसताना तोंडावर हात धरते. आमच्यासारखी एक तरी मुलगी छापा ना."

बाईंसमोर आम्ही मोठमोठी माणसं चळाचळा कापतो. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून तिचा चेहरा नीट पाहिला. मग म्हणाल्या, "फोटो आहे तसा जाऊ दे. पण हिच्या आईचा होकार हवा." ताई, मला इतका अभिमान वाटला की बाहेर येऊन मी तिचा मुकाच घेतला, सगळ्यांदेखत.

मंगळवारी पान छपाईला जाईल. दोन्ही फोटो तयार आहेत. तू नाही म्हणालीस तर डाग नसलेला जाईल, मी वाद घालणार नाही.

पण काल जेवताना ती काय म्हणाली ते सांगायलाच हवं. मी इतका वेळ टाळत होते, कारण त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. तुझ्या हातून उकळत्या पाण्याचं पातेलं निसटलं, ती तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिला सगळं ठाऊक आहे, ताई. ती म्हणाली, "डाग माझ्यासाठी नाही पुसायचाय गं. आईला तो बघवत नाही. तिला सांग ना, माझं दुखायचं केव्हाच थांबलं."

तिला फोन कर. ती वाट बघते आहे.

तुझ्या लेकीपुढे हात टेकलेली,
तुझीच धाकटी