हॉक लेकच्या वह्या

थंडर बे,
६ ऑक्टोबर

प्रिय रेइनो,

तू बरा असशील, निदान वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. इथे सगळं ठीक. माझा गुडघा हवामान खात्यापेक्षा खरं बोलतो, आणि त्याच्या मते बर्फ दहा दिवसांवर आलाय. काल वेलचीचा पाव भाजला. एक लादी तुझ्यासाठी फ्रीझरमध्ये आहे, येऊन ने.

तुझ्या वकीलबाईंचा, पेटर्सनबाईंचा, लिफाफा मिळाला. चाळीस वर्षं मी कागद गिरणीच्या फाटकावर युनियनची भाषणं केली आणि प्रत्येक शब्द स्वतः लिहिला. आज पहिल्यांदाच माझं बोलणं कुणीतरी लिहून पाठवलंय. तेही बरं, छोटं आहे: हॉक लेकचा कॅम्प, म्हणजे तळ्याकाठची आमची लाकडी केबिन, शिकारीपुरता आणि मासेमारीपुरता होता, माझ्या भावाची पत्नी कॉलीन तिथे वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा, पाहुणी म्हणून येत असे. खाली शपथ आणि सहीची जागा.

रविवारी तू समजावलंस ते मला कळलंय. वारशाने आलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वाटणीत धरत नाहीत. बाबांनी कॅम्प तुझ्या एकट्याच्या नावावर केला, म्हणजे तो तुझा. पण ज्या घरात नवरा-बायको संसार करतात ते वारशाचं असलं तरी वाटणीत येतं, आणि कायद्याच्या लेखी एका जोडप्याची अशी घरं दोनही असू शकतात. तू टेबलावर मूठ आपटलीस. "कॅम्पला घर कोण म्हणतं, इर्या? घर गावात. कॅम्प म्हणजे कॅम्प." या गावात कुणालाही विचार, हेच सांगेल. तळ्याकाठी चार महिने राहणारा माणूससुद्धा आपण दोन घरांचे मालक आहोत असं कधी म्हणणार नाही.

कोर्टाने त्याला घर धरलं तर अर्धी किंमत कॉलीनला द्यायची, आणि ती द्यायला कॅम्प विकायचा. मग टोरोंटोचा कुणी दंतवैद्य येऊन बाबांनी बांधलेला सौना, वाफेच्या अंघोळीची ती खोली, पाडेल आणि तिथे बोटीसाठी शेड उभारेल. मलाही ते बघवणार नाही.

जाताना दारात तू म्हणालास, सही केलीस तर मरेपर्यंत कॅम्पची वरची खोली तुझी. तो विनोद होता असं मी धरते.

परवा जाऊन सही करते. आणि तू म्हणालास तशा कॅम्पच्या हजेरीच्या वह्याही, कुणाच्या हाती लागायच्या आत, बघते.

गरम कपडे घाल.

तुझी,
इर्या


थंडर बे,
१९ ऑक्टोबर

प्रिय रेइनो,

तू चार दिवसांत पाचदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, आणि मला तोडलं की मी भाषण ठोकते. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

सही मी आठ तारखेला केली. पेटर्सनबाईंच्या कार्यालयात, हात वर करून, शपथेवर.

पंधराला कॅम्पला गेले. शेवटच्या वळणावर रस्ता गोठला होता, गाडी तिथेच सोडून चालत गेले. वह्या फळीवर होत्या, अकरा. बाबांचा नियम तुला सांगायला नको: निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या हाताने नाव लिहायचं, कोण आलं, पाणी किती थंड, सौना कुणी तापवला. नाव न लिहिता जो गेला तो आलाच नव्हता.

तू म्हणाला होतास भट्टीत घाल. मी सौनाची भट्टी पेटवली आणि सगळ्यात जुनी वही आत टाकली. लपवत नाही. ती जळली. तिच्यात काय होतं हे आता तुला, मला, कोर्टाला, कुणालाच कळणार नाही. दुसरीचं पुठ्ठ्याचं कव्हर जाड होतं, फाडून काढावं म्हणून ती उघडली. तिथेच चुकले. मला छापलेलं-लिहिलेलं काहीही न वाचता जाळता येत नाही, ही सवय बाबांचीच.

आधी गेल्या वर्षीची वही वाच, म्हणजे आठव. ऑगस्टचा दुसरा शनिवार. तुझंच अक्षर आहे, पेन्सिलने, मोठं: "गावात आपण फक्त झोपायला जातो. घर हे." त्याखाली कॉलीनची सही आणि पाण्याचं तापमान. रेइनो, तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा साक्षीदार तू स्वतः आहेस, आणि तू त्या दिवशी शुद्धीवर होतास.

तू कायद्याला शिव्या देतोस. मी या देशातल्या पुष्कळ कायद्यांना शिव्या दिल्यात, पण याला देणार नाही. तू त्या जागेला कुलूप लावून ठेवलं असतंस, फक्त हरणाच्या शिकारीच्या मोसमात उघडलं असतंस, तर शेवटच्या खिळ्यापर्यंत ती तुझी राहिली असती. तू बायकोला किल्ली दिलीस. तिने पडदे शिवले, गळकं छप्पर तुझ्याबरोबर चढून बसवलं, उंदरांशी वीस वर्षं लढली. बाबांनी तुला लाकूड आणि जमीन दिली. त्याचं घर कुणी केलं? हा प्रश्न मी परक्या माणसांच्या वतीने हजार वेळा विचारला आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या दारात आला तेव्हा मी पेन काढून सही केली.

आता ते, जे मला लिहायचं नव्हतं. मधे उठून दोनदा चहा करून आले.

बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्याची वही. चौदा आठवडे. तू गिरणीत पाळ्या करत होतास, शुक्रवारी यायचास, तुझं नाव प्रत्येक शुक्रवारी आहे. मधले सगळे दिवस कॉलीन. "आज बाबा तीन पायऱ्या उतरले." "आज सूप नको म्हणाले, मग चोरून प्यायले." एका पानावर बाबांचं अक्षर आहे, ओळ खाली घसरत गेलेली: कॉलीनने सौना तापवला, पाठ चोळली, पाणी चांगलं.

माझं नाव त्या वहीत एकदाही नाही.

दफनाच्या दिवशी मी तुला सांगितलं होतं, जुलैत मी येऊन गेले, तू पाळीवर होतास, मी आणि बाबा धक्क्यावर बसून तासभर बोललो. तू माझा हात धरून रडलास, निदान तू तरी त्यांच्याजवळ होतीस म्हणालास. मी नव्हते. मी विनिपेगला अधिवेशनात होते. विषय होता घरातल्या बायकांचे न मोजलेले कष्ट. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मी तुला खोटं सांगत होते तेव्हा कॉलीन शेजारीच कॉफी ओतत होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, कप पुढे केला आणि विचारलं, "साखर घालू?" त्यानंतर आठ वर्षं एक शब्द नाही. घटस्फोटात माणसं एकमेकांचे जुने हिशेब काढतात. तिने हा अजून काढलेला नाही.

तर वह्या जाळायला मी तुझ्यासाठी गेले नव्हते. तुझ्यासाठी गेले असं मलाही वाटत होतं. त्या कोर्टात उघडल्या तर तू मला विचारलं असतंस की जुलै कुठे आहे. आणि वरची खोली. ती मला हवी होती रेइनो. बाबांनी मला काही ठेवलं नाही तेव्हा मी हसून म्हणाले होते, मला पेन्शन आहे, मला कशाला. त्या खोलीसाठी मी एका बाईचे चौदा आठवडे भट्टीत घालायला निघाले होते.

काल पेटर्सनबाईंकडे गेले. म्हटलं, मी सही केली ते खोटं आहे. त्यांनी फाइल उघडून बघितली. कागद अजून कोर्टात गेला नव्हता, हे तुझं आणि माझं नशीब. मी दहा वह्या टेबलावर ठेवल्या आणि अकरावीचं काय झालं तेही सांगितलं. आता या समोरच्या पक्षाला दाखवाव्याच लागतील, मला त्या लपवता येत नाहीत, म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्या भावाला मी कळवू?"

"नको. त्याच्या तोंडची शिवी माझ्या वाट्याची आहे," मी म्हटलं.

कॉलीनला मी अजून भेटले नाही. तिच्याकडे जाऊन माफी मागितली तर तेही एक भाषणच होईल. आधी शपथेवर खरं बोलते, मग तिच्या दारात उभं राहायचं तोंड होईल.

कॅम्प वाचेल असं मी म्हणत नाही. बहुधा जाईल. दंतवैद्य येईल. तुझ्या हातून बाबांची जागा गेली आणि ती घालवायला बहिणीने मदत केली, असं गावभर होईल, आणि ते खरंच असेल. तू कॉलीनला बावीस वर्षं ओळखतोस. वकिलांना बाजूला बसवून तिला एकदा विचारलंस का, तिला काय हवंय? मला ठाऊक नाही ती काय म्हणेल. तुलाही ठाऊक नाही, आणि याची मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

गुरुवारी साडेनऊला माझी साक्ष. कॉलीन तिथे राहायची का, असं विचारतील. मी हो म्हणेन. किती, विचारतील. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त, म्हणेन. तेव्हा खाली बघू नकोस. रागाने बघ, पण माझ्याकडे बघ.

तू अजून मानत असशील तर तुझी बहीण, नसशील तर फक्त साक्षीदार,

इर्या किव्हेला