समाधीवरचा फ्लॉक्स

चि. अंबिका,

तुझी आई दिवाळीआधी गेली. बांधाकडेला तिला माती दिली. तुला कळवू दिलं न्हाई सोमेशनं. तू पळून जाऊन लग्न केलंस ते तुझ्या भावानं अजून गिळलं न्हाई.

पौषात समाधीवर फ्लॉक्स फुलला. पांढरं फूल, मधी जांभळी चांदणी. लावला कुणी ते घरात कुणालाच ठाऊक न्हाई. मी एक फूल रुमालात घेऊन लातूरला नर्सरीत गेलो. माळी म्हणाला, "अप्पा, ही जात पाकिटात येत न्हाई. कुणीतरी घरीच बी धरतंय."

परवा बघितलं तर बोंडांवर मलमलची चिंधी बांधलेली. वाळली की बोंडं तडकतात, बी उडून जातं, म्हणून तुझी आई चिंधी बांधायची. तिच्या हाताखाली बांधायला तूच असायचीस.

चिंधी सोडून मी खिशात घातली. नर्सरीतनं आणलेली नावाची पट्टी रोपाशी खोचली अन् सोमेशला म्हणलं, मीच आणलंय. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं. चिंधी त्यानं माझ्याआधीच बघितली होती.

आता तो रोज कोयता घेऊन बांधावर जातो. गवत कापायचंय म्हणतो. बांधावर गवत न्हाई.

तुझा पत्ता मी कुणाला विचारला न्हाई. मला ठाऊक असता तर त्यानं तो माझ्याकडून काढला असता. हे पत्र चुलीत जाईल.

बी न्यायला येऊ नको, बाई.

तुझा अप्पा